आईच्या वाट्याची सुई

आई अकोल्यात वारली. ऑगस्ट महिना होता. दादाचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला बाबांची लघवीची पिशवी रिकामी करत होते. दादा म्हणाला, "आई गेली. बाबाले सांग." मी हात धुतले आणि बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "तिनं तं सुई घेतली होती."

मी गाडीवाल्याला फोन केला.

सुई म्हणजे फ्लूची लस. पावसाळ्याच्या आधी ती दोघांनीही घ्यायची होती, बाबांनी इथे आणि आईने तिथे. ते दोन गावांत का होते हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

माझे आईवडील वाटून घेतले गेले होते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि निवृत्त झाल्यावर दोघं वलगावच्या घरात राहत होते. बाबांना लघवीची नळी लागली तेव्हा ते घर बंद करायचं ठरलं. ठरवायला दादा आणि वहिनी अकोल्याहून आले, मी अमरावतीहून गेले. मी लग्न केलं नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे बाबांना अवघड वाटेल असं मला वाटलं होतं, पण त्यांना कोणी विचारलंच नाही.

"आई आमच्याकडं येईल," दादा म्हणाला. "बाबाले तू ने. तुह्याकडं पायऱ्या नाही."

वहिनीने खरं कारण सांगितलं. ती खोटं बोलत नाही, हे तिच्याबद्दल मला कबूल केलंच पाहिजे. "आईचा हात चालते अजून," ती म्हणाली. "लसूण सोलते, भाजी निवडते, दारावर लक्ष ठेवते. बाबाचं तं सगळं अंथरुणावरच."

बाबा समोरच खाटेवर बसले होते. म्हणाले, "बैल निवडून राहिले का बे तुमी?"

"बैल असते तं संगंच नेले असते, बाबा," दादा म्हणाला. "जोडी कोनी फोडत नाही." आणि तो स्वतःच हसला. बोलला ते चांगलं जमलं असं त्याला वाटलं असावं. वहिनीही हसली.

आईला ऐकू कमी यायचं. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "काय म्हनते व तो?"

मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं की तू अकोल्याला जायचं आहेस आणि बाबा माझ्याकडे येणार आहेत.

"कितीक दिवस?"

आई उठली, फळीवरचा औषधांचा डबा काढला आणि जमिनीवर बसून गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने मधोमध कापू लागली. दादाला वाटलं तिचं डोकं फिरलं. मला ठाऊक होतं ती काय करते आहे.

आमच्या घरात एकट्याने औषध घ्यायची रीत नव्हती. माझ्या जन्माआधी बाबांची बदली मेळघाटात सेमाडोहला झाली होती. तिथे दोघांना एकाच वेळी हिवताप आला आणि गोळ्या मिळाल्या त्या एका माणसापुरत्या. त्यांनी त्या मोडून अर्ध्या अर्ध्या खाल्ल्या. ताप उतरला, पुन्हा आला, वर्षभर येत राहिला. अर्ध्या औषधाने दुसरं काय होणार? पण दोघं जगले, आणि त्यातून त्यांनी भलताच अर्थ काढला. तेव्हापासून एकाला काही झालं की औषध दोघांनी घ्यायचं. बाबांना खोकला झाला की आईही काढा प्यायची. आईचा गुडघा दुखला की बाबा तिची निम्मी गोळी खायचे. आम्ही भावंडं शिकलो, शहाणे झालो, त्यांना रागावलो. उपयोग झाला नाही. पुढे बाबांना साखरेची गोळी सुरू झाली तेव्हा साखर नसलेल्या आईने तिचाही अर्धा तुकडा खाल्ला आणि चुलीपुढे बेशुद्ध पडली. आमचे डॉक्टर त्या दिवशी दोघांवर ओरडले. बाबा खाली मान घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, एकट्यानं औषध घेतलं तं बरं वाटत नाही." डॉक्टरांनी ती गोळी बदलून दिली आणि आईला ताकीद दिली. दोघांनी माना डोलावल्या. घरी आल्यावर त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही.

तर आई अकोल्याला गेली आणि बाबा माझ्याकडे आले. नळी लावलेल्या माणसाला बसने नेणं कठीण, आणि आईला आणून सोडायला दादाला सवड नसायची. वर्षातून एखाद्या वेळी भेट व्हायची. फोनवर आईला ऐकू येत नसे. ती तिकडून बोलायची आणि बाबा नुसते ऐकायचे.

आमच्या डॉक्टरांचा दवाखाना घरापासून जवळ आहे. मे महिना संपत आला की त्यांच्याकडे त्या वर्षीची फ्लूची लस येते. हा आजार दर वर्षी रूप बदलतो, म्हणून गेल्या वर्षीची लस यंदा चालत नाही, एवढं त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. ते आपल्या म्हाताऱ्या पेशंटांना स्वतः फोन करतात. ऐंशीच्या पुढच्यांना सकाळची गर्दी ओसरल्यावर बोलावतात, खोकणाऱ्या माणसांत त्यांना बसवत नाहीत. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर सगळे तेच असतात, काठ्या आणि कवळ्या सांभाळत, आणि एकमेकांना मुळीच सोडत नाहीत.

"या मास्तर. अजून आहा का?"

"आहो. तू पन आहेच का?"

"यंदा तो गांधीटोपीवाला नाही दिसून राहिला."

"गेला न थो. संक्रांतीच्या आंधी."

"सुई घेतली नव्हती?"

"घेतली होती. ट्रकखाली गेला."

यावर बाक हलेपर्यंत ते हसले. माझ्या बाबांनाही हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं होतं.

आत गेल्यावर डॉक्टरांनी बाबांच्या सदऱ्याची बाही वर केली. बाबांनी ती खाली केली. "बुढीले देली का?" त्यांनी विचारलं.

"त्या अकोल्याला आहेत ना, आबाजी. तिकडचे डॉक्टर देतील."

"मंग देऊ द्या. तिले देल्यावर मले."

डॉक्टर हसले. त्यांना जुनी गोष्ट आठवली असणार. बाबा मात्र हसत नव्हते. त्यांनी टेबलावरच्या औषध भरलेल्या सिरिंजकडे बोट दाखवलं. "असं करा. यातली अर्धी मले टोचा. अर्धी बरफात घालून हिच्याजवळ द्या. दुपारच्या गाडीनं नेऊन देईन हे अकोल्याले."

दार उघडंच होतं. बाकावरून आवाज आला, "मास्तर, माही बुढी मेली त्या वर्षी म्या पुरी सुई घेतली. काही फरक पडत नाही." पुन्हा हसणं. एक नव्वदीचा माणूस चेष्टेचा विषय झाला होता आणि तोच एकटा गंभीर होता. बाबा उठले आणि काठी टेकत बाहेर पडले. लस राहिली.

डॉक्टरांनी मला थांबवून घेतलं. "ताई, हा सर्दीपडशाचा विषय नाही," ते म्हणाले. "या वयात फ्लू तापासारखा दिसत नाही. माणूस जेवणं सोडतो. अर्धवट बोलतो. घरचे म्हणतात रुसला. मग छाती भरते. लस घेतली म्हणजे होणारच नाही असं नाही, पण पुष्कळ जण थोडक्यात सुटतात. दवाखान्यात न्यायची वेळ आली तर या वयाचा माणूस परत येईल याची मी खात्री देत नाही. दोघांनाही द्या. आणि आबाजी ऐकत नसतील तर आधी आजींना द्या."

मी त्याच दिवशी दादाला फोन केला.

"नव्वदीले टेकली ते," दादा म्हणाला. "आता कायची लस? डाक्टरले काय, त्याचा तं धंदाच आहे."

मी म्हटलं, आईने घेतल्याशिवाय बाबा घेणार नाहीत.

"म्हंजे दोघंही अडून बसले. भलतंच लफडं आहे बाप्पा." मग म्हणाला, "पाहतो."

आठवडा गेला. एका संध्याकाळी त्याचाच फोन आला. "झाली तुह्या मायची लस. आता टोच बुढ्याले."

बाबांना ते तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. मी फोनचा आवाज मोठा केला आणि मोबाइल त्यांच्या उशीवर ठेवला. तिकडून आधी वहिनीचा ओरडा ऐकू आला, आईच्या कानात ओरडत होती: "सांगा न, सुई घेतली म्हनून! बाबाले सांगा!"

मग आई बोलली. "हाव, घेतली म्या. दुखली नाही. आता तुमी घ्या. त्या पोरीले तरास नका देऊ."

"कोनत्या हाताले?" बाबांनी विचारलं.

तो प्रश्न वहिनीने तिच्या कानात पोहोचवला. थोडं थांबून आई म्हणाली, "डाव्या."

दुसऱ्या दिवशी बाबांनी डॉक्टरांपुढे डावा हात केला. उजवा सोपा पडला असता, कारण डाव्या खांद्याचं दुखणं जुनं होतं, पण त्यांनी डावाच केला. सुई टोचताना ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. घरी आल्यावर म्हणाले, "दुखत नाही म्हने. चांगली दुखते."

जुलैच्या शेवटी आमच्या गल्लीत घरोघर खोकला सुरू झाला. आधी मी पडले. अंगात इतका ताप होता की बाबांची नळी बघायला शेजारची बाई येत होती, नाकाला पदर लावून. माझ्यामागे बाबा खोकू लागले. मला वाटलं, आता हे जाणार. पण त्यांचा खोकला तेवढ्यावरच थांबला. अंगात कणकण राहिली, ती गेली. त्यांनी भाकरीचा काला मागून खाल्ला. डॉक्टर घरी येऊन छाती तपासून गेले आणि जाताना मला म्हणाले, "वाचले बघा."

अकोल्यालाही तेव्हा तेच चाललं होतं. दादाच्या घरी पाहुणे येऊन गेले होते, त्यांच्यातलं कोणीतरी खोकत होतं. आईने जेवण सोडलं. वहिनीला वाटलं ती रुसली. पाहुण्यांसमोर तिला लसूण सोलायला बसवलं होतं आणि त्यावरून काहीतरी बोलाचाली झाली होती, म्हणून वहिनीने तिला खुशाल रुसू दिलं. मला फोनवर दादा एवढंच म्हणाला की थोडा खोकला आहे. आई गावांची नावं चुकीची सांगू लागली, बसल्या जागी झोपू लागली, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. तिथे तपासणीत फ्लू निघाला. छाती भरली होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि ती तो काढून टाकायची, म्हणून तिचे हात पलंगाला बांधले होते. हे मला दादाने सांगितलं नाही. अंत्यविधीच्या वेळी मी तिच्या मनगटांवरचे वळ पाहिले आणि विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं.

त्या दिवशी बाबांना पिशवीसकट गाडीत आडवं घालून नेलं. दादाच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. माणसं येत होती, आईला पाहत होती, मग बाबांना पाहत होती. आमच्याच नात्यातली एक म्हातारी त्यांच्यापुढे उभी राहून दुसरीला म्हणाली, "पाहा बाई. कामाची होती ते गेली, अन् हा राहिला." हळू बोलायची तसदीही तिने घेतली नाही. बाबांना चांगलं ऐकू येतं.

आईच्या जलदानविधीच्या दिवशी मी त्यांना पुन्हा अकोल्याला घेऊन गेले. पांढऱ्या कपड्यांतली माणसं बुद्धवंदना आटोपून जेवायला बसली होती. पंगतीत वरण वाढत वाढत वहिनी आमच्याजवळ आली. बाबांनी तिला थांबवलं.

"सूनबाई, तिले सुई कोन्या डाक्टरनं देली होती?"

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादा पत्रावळीत पाहत होता. मग तिने वरणाची बादली खाली ठेवली.

"नाही देली," ती म्हणाली.

"कावून?"

"त्यायनंच नको म्हटलं. आता विचारताच तं सांगते. कोरोनाची सुई देली तवा त्यायले ताप आला, अंथरुण खराब केलं. धुवाले मीच होती. बोलली मी त्यायले. बोलत नाही का मानूस? म्हटलं, पुन्हा सुई घेसान अन् हागसान तं तुमचं तुमी धुजा. ते त्यायनं ध्यानात ठेवलं. यायनं आटो बोलावला होता, खोटं कायले बोलू, दारात उभा होता आटो. पन ते उठल्याच नाही. म्हने, मले सुई नको. मले कोनाचं बोलनं ऐकाचं नाही आता."

"मंग फोनवर?" मी विचारलं.

"ते बी त्यायनंच म्हटलं. घेतली म्हनून सांगा, नाही तं बुढा घेनार नाही, म्हने."

दादाने मान वर केली. "आता फाशी देता का आमाले? नव्वदची बाई होती. कधी ना कधी जानारच होती."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते वहिनीलाच म्हणाले, "डावा हात कोनी सांगतला?"

"कोनी नाही. ते त्यायच्याच मनानं बोलल्या."

बाबांनी हात धुण्यासाठी पाणी मागितलं. वहिनीनेच आणून दिलं. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा ते एकदाच बोलले, तेही मला उद्देशून नव्हे: "मले खोटं सांगून वाचवलं."

पुढे मी डॉक्टरांना विचारलं, आईने लस घेतली असती तर? ते माझं सांत्वन करणारे नाहीत. "वाचल्या असत्या असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "नसत्या वाचल्या असंही म्हणणार नाही. या वयात काहीही होतं. पण जेवण सोडलं त्या दिवशी आणल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं." मी पुस्तकांत आयुष्य घालवलं. उत्तर कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं, शोधायला वेळ लागतो एवढंच, असं मी समजत आले होते. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही.

दादा अधूनमधून फोन करतो. "कसा आहे बुढा?" असं विचारतो. बरा आहे म्हटलं की म्हणतो, "राहीन आता. पक्का झाला लसीनं." बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. माझ्याशी बोलतात, पण माया राहिलेली नाही. नळी बदलताना दुखलं की म्हणतात, "कोनासाठी करून राहिली हे? तुह्याजवळ दुसरा धंदा नाही का?" एकदा शेजारची बाई म्हणाली, आबाजी, तुमचं नशीब चांगलं. त्यांनी तिला तोंडावर विचारलं, "तुहा नवरा कवा मरते?" ती पुन्हा आली नाही.

यंदा मे संपताना डॉक्टरांचा फोन आला. बाबा दवाखान्यात यायला तयार नव्हते, म्हणून डॉक्टर लस बर्फाच्या डब्यात घेऊन घरी आले. खाटेजवळ बसून त्यांनी सदऱ्याच्या बाहीला हात लावला.

"नको," बाबा म्हणाले.

"आबाजी, मरण सोपं असतं असं तुम्हाला वाटत असेल. फ्लूचं सोपं नाही. श्वासासाठी तडफडावं लागतं. आजींना तडफडावं लागलं."

हे इतकं उघड बोलायला नको होतं असं मला वाटलं. बाबांना मात्र राग आला नाही. त्यांनी विचारलं, "तिले लागलं ना? मंग मले लागू द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांच्या हातात आता ताकद उरलेली नाही. धरला तर ते सोडवून घेऊ शकणार नाहीत. डॉक्टरांनी हळूच विचारलं, "धरता का?"

मी आईची मनगटं पाहिली होती. मी नाही म्हटलं.

"मग तुम्ही घ्या," डॉक्टर म्हणाले. "बाहेरून घरात येणाऱ्या तुम्हीच. तुम्हाला फ्लू झाला नाही तर तो त्यांच्यापर्यंत आणणार कोण?"

मी हात पुढे केला. बाबा पाहत होते. सुई काढून डॉक्टरांनी कापूस दाबला, आणि बाबांनी भिंतीकडे कूस बदलली.

मी दूध आणायला जाते तेव्हा नाकाला रुमाल बांधते. कोणी खोकत असेल तर दारातूनच परत पाठवते, त्यामुळे आमच्याकडे आता फारसं कोणी येत नाही. बाबा जेवतात. रोज ताटात भाकरी उरली का ते मी पाहते. घरात ते आहेत आणि मी आहे. लस मी घेतली आहे, त्यांनी घेतलेली नाही.